सत्त्याहत्तरावं मिनिट

६ फेब्रुवारी २०१६. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर यजमान संघ संडरलंडविरुद्ध २-० असा पुढे होता. ७७वं मिनिट लागलं आणि ‘कॉप’ या गाजलेल्या स्टँडमधली माणसं उठून चालू लागली. पाठोपाठ इतर स्टँडमधूनही लोक निघाले. सुमारे दहा हजार प्रेक्षक आपला संघ जिंकत असताना मैदानाबाहेर पडले. पुढच्या हंगामापासून नव्या मेन स्टँडमधलं सर्वात महाग तिकीट ५९ पौंडांवरून ७७ पौंडांवर जाणार होतं, म्हणून हे मिनिट निवडलेलं. उरलेल्या वेळात संडरलंडने दोन गोल फेडले. चार दिवसांत क्लबच्या अमेरिकी मालकांनी माफी मागितली, दरवाढ रद्द केली आणि ५९ पौंडांचा कमाल दर दोन हंगामांसाठी कायम ठेवला.

काही तिकिटं ९ पौंडांना ठेवली आहेत, असं क्लब सांगत होता आणि ते खरंही होतं. पण त्याच हंगामापासून प्रीमियर लीगचा ब्रिटनमधल्या प्रक्षेपणाचा तीन वर्षांचा नवा करार सुरू होत होता. त्याची रक्कम ५ अब्ज पौंडांहून जास्त होती. एवढा पैसा घरबसल्या येत असताना मैदानावर येणाऱ्याच्या खिशात पुन्हा हात घालायची गरजच काय, हा पाठीराख्यांचा प्रश्न होता. त्याचं समाधानकारक उत्तर कोणत्याही क्लबने आजवर दिलेलं नाही.

मागणी आहे म्हणून भाव चढतो, हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. साबण महागला तर माणूस दुसरा साबण घेतो. आजोबांपासून लिव्हरपूलचा असलेला माणूस दर वाढले म्हणून त्याच शहरातल्या एव्हर्टनचा होत नाही. त्याच्या या निष्ठेवरच दरवाढ बेतलेली असते. शिवाय दूरचित्रवाणीवर विकल्या जाणाऱ्या खेळात त्याचा स्वतःचा वाटा असतो. २०२०मध्ये करोनामुळे रिकाम्या मैदानांवर सामने झाले, तेव्हा प्रक्षेपणात गर्दीचा ध्वनिमुद्रित आवाज मिसळावा लागला. जो आवाज नसेल तर खेळ बघवत नाही, तो काढणाऱ्याला निव्वळ गिऱ्हाईक कसं म्हणायचं?

तिकीट सामान्य माणसाच्या हाताबाहेर जाण्याचा हा धोका जुना आहे. १९८९मध्ये हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे ९७ पाठीराखे गेले. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालानुसार मोठ्या मैदानांवरचे उभं राहून सामना पाहायचे स्टँड गेले आणि खुर्च्या आल्या. खुर्ची आली म्हणून तिकीट गरिबाच्या हाताबाहेर जायचं कारण नाही, असं टेलर यांचं मत होतं; ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर ६ पौंडांत बसता येतं, असा दाखलाही त्यांनी दिला होता. क्लबांनी खुर्च्या बसवल्या, दाखला मात्र सोयीस्करपणे सोडून दिला.

दरांइतकीच चीड परंपरेवरच्या घाल्यांची आहे. २०१२मध्ये कार्डिफ सिटीच्या मालकांनी निळ्या संघाला लाल जर्सी घातली. पाठीराखे अडून बसले, तेव्हा २०१५च्या जानेवारीत निळा रंग परत आला. हल सिटीचं नाव ‘हल टायगर्स’ करण्याचा घाट पाठीराख्यांच्या विरोधापुढे टिकला नाही. लंडनच्या विम्बल्डन क्लबच्या पाठीराख्यांच्या वाट्याला सर्वात कठोर प्रसंग आला. त्यांचा क्लबच दूरच्या मिल्टन कीन्स शहरात हलवायला २००२मध्ये परवानगी मिळाली. लोकांनी त्याच उन्हाळ्यात नवा क्लब काढला, विम्बल्डन कॉमन या मोकळ्या माळावर खेळाडूंची निवड केली आणि तळाच्या पायऱ्यांवरून सुरुवात केली. २०११मध्ये तो क्लब फुटबॉल लीगमध्ये पोहोचला आणि २०२०मध्ये आपल्या मूळ ठिकाणी, प्लाउ लेनवर परतला. मालक बदलतो, मैदान विकलं जातं, तरी क्लब उरतो, याचा यापेक्षा ठसठशीत पुरावा सापडणार नाही.

जर्मनीत क्लबवरचा पाठीराख्यांचा हक्क नियमातच आहे: काही अपवाद वगळता क्लबमधली बहुमताची मतं सभासदांकडेच राहतात. तरी तिथेही गाफील राहून चालत नाही. लीगच्या माध्यमहक्कांत बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा बेत पाठीराख्यांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून, सामने पुन्हा पुन्हा थांबवून २०२४च्या फेब्रुवारीत मोडून काढला.

इंग्लंडमध्येही लढ्याची फळं दिसतात. लिव्हरपूलमधल्या त्या प्रसंगानंतर सुमारे महिन्याभरात, अनेक वर्षांच्या मोहिमेला यश येऊन, प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. २०२५च्या कायद्याने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला. क्लबचं चिन्ह किंवा जर्सीचा मूळ रंग आता मालकाच्या लहरीवर बदलता येणार नाही. यजमान प्रेक्षकांच्या तिकिटांना मात्र अशी मर्यादा नाही. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये, हंगाम ऐन भरात असताना, मँचेस्टर युनायटेडने सभासदांची उरलेली तिकिटं ६६ पौंडांना केली. मुलांना आणि वृद्धांनाही सवलत ठेवली नाही.

मुंबई-पुण्यातल्या पाठीराख्यांचाही या व्यवहाराशी संबंध आहे. शनिवारी इंग्लंडमध्ये दुपारी साडेबाराला सुरू होणारा सामना आपल्याकडे संध्याकाळी पाच किंवा सहाला, चहाच्या वेळी दिसतो. आशियातल्या प्रेक्षकांना ही वेळ फार सोयीची. न्यूकॅसलहून लंडनला त्या सामन्यासाठी जाणाऱ्या माणसाला मात्र पहाटेच घर सोडावं लागतं, आणि तिकीटही त्यालाच काढावं लागतं. त्याची मोहीम आपल्या इथल्या पाठीराखा मंडळांनी स्वतःची मानायला हवी.