वाटेवरची भीती हे तप नव्हे

रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगी गडावर चैत्रोत्सव असतो, आणि तो मुख्यतः खान्देशकरांचा असतो. धुळे, शिरपूर, अमळनेर, पारोळा, चोपडा इथून भगवे झेंडे घेतलेले जथे निघतात. बहुतेक पायी, काही सायकलीवर. तापीकाठची काळी, सपाट जमीन मागे टाकून ते मुंबई–आग्रा महामार्गाला लागतात. इथून पुढे भाविकाच्या वाट्याला येते ती रस्त्याची कड. पांढऱ्या पट्ट्याबाहेर हातभर डांबर, त्याच्याखाली वीतभर खोल उतरलेली मुरुमाची साइडपट्टी, आणि कंटेनर खेटून गेला की अंगाला बसणारा वाऱ्याचा धक्का. पायी चालणारा त्या धक्क्यानं डगमगतो, सायकलवाल्याचं हँडल वळतं. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या जथ्यात वाहन शिरल्याची बातमी येते, आणि मग गावात बोललं जातं की आईनं परीक्षा घेतली. या बोलण्यामागची श्रद्धा खरी आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. वाहनाखाली येण्याची भीती हा तपाचा भाग नाही. उलट जिथे ही भीती नसेल अशी वाट राखणं हाच धर्माचा भाग आहे, आणि आपण तो बराच काळ टाळत आलो आहोत.

तप कशाला म्हणायचं, याची चर्चा गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे. तिथे शरीराच्या तपात पूजन, शौच, ब्रह्मचर्य यांच्या जोडीला अहिंसा मोजली आहे. हट्टानं देह झिजवणं किंवा दुसऱ्याला पीडा होईल असं करणं याला त्याच अध्यायानं तामस ठरवलं आहे. मग चैत्राचं ऊन, तहान, पायाचे फोड हे तपात बसतात, कारण ते भाविकानं स्वतः पत्करलेलं असतं आणि त्यात दुसऱ्या कुणाचा घात नसतो. ट्रकखाली येण्याचा धोका मात्र कुणी व्रत म्हणून घेत नाही. शिवाय त्यात दुसरा एक माणूस ओढला जातो. रात्रभर गाडी हाकून डोळे तारवटलेला चालक, ज्याच्या हातून एका क्षणात माणूस जातो आणि जो पुढं आयुष्यभर ते ओझं वाहतो. ज्या कष्टात असा परका माणूस पापाचा धनी होतो, त्या कष्टाला पुण्याचं नाव देता येत नाही.

याच धुळ्यात, तुरुंगात, १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यात कर्म आणि विकर्म यांचा जो उलगडा आहे तो इथे नेमका लागू पडतो. बाहेरून घडतं ते कर्म, आणि त्यात मन ओतलं जातं ते विकर्म. दोन्ही जुळली तरच कर्माचं ओझं उरत नाही. यात्रेपुरतं पाहिलं तर चालणं, पायडल मारणं हे कर्म. वाटेतलं नामस्मरण, जोडीदाराची काळजी, आजूबाजूच्या शिवारावरचं लक्ष हे विकर्म. महामार्गाच्या कडेनं जाणाऱ्याचं सगळं मन पाठीमागून येणाऱ्या हॉर्नकडे लागलेलं असतं. पाय गडाकडे चालतात, कान मात्र टायरच्या आवाजात अडकतात. म्हणजे कर्म घडतं, पण विकर्माला जागाच राहत नाही. वाहन नसलेली वाट ही सोय आहे की साधनेची अट आहे, याचं उत्तर मला इथे मिळतं. जैन परंपरेनं तर हे फार पूर्वी नियमात बांधलं. ईर्या समिती म्हणजे पुढची साधारण चार हात जमीन निरखत, कुठलाही जीव पायाखाली येणार नाही अशा बेतानं चालणं. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत जैन साधू-साध्वींचे विहार सुरू असतात, ते वाहन वापरत नाहीत, आणि त्यांनाही याच महामार्गांच्या कडेनं जावं लागतं. मुंगीला जपायचं व्रत घेतलेल्या माणसाला मागून येणाऱ्या डंपरवर लक्ष ठेवावं लागत असेल, तर ते व्रत पाळायला आपण त्याला वाट ठेवलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. ज्याचं चित्त खरंच स्थिर झालं, तो भर बाजारातही नाम घेतो. त्याला शांत रस्ता कशाला हवा? मान्य, पण ही सिद्धाची गोष्ट झाली. यात्रेला निघणारे बहुतेक साधक असतात, आणि याच रस्त्यानं सायकलीवर शाळेत जाणारी आठवीतली मुलगी तर साधकही नसते. सिद्धाला जे पेलतं ते सगळ्यांवर लादणं हा अध्यात्माचा मान नव्हे. आपल्या परंपरेनंही तसं कधी केलं नाही. यज्ञयागाला इष्ट आणि विहिरी, तलाव, बागा, धर्मशाळा यांना पूर्त म्हणत दोन्हींना पुण्यकर्म मानलं. अशोकानं रस्त्याकडेला वड लावले, आंबराया उभ्या केल्या, विहिरी खणल्या आणि ते शिलालेखांत कोरून ठेवलं. अहिल्याबाईंनी देशभर घाट, बारवा, धर्मशाळा बांधल्या. यात्रेकरूची तहान ही त्याच्या तपाची कसोटी आहे असं त्यांना वाटलं नाही. त्या काळी वाटेवरचं संकट तहानेचं आणि उन्हाचं होतं, आज ते वेगाचं आहे. संकट बदललं की पूर्तही बदलायला हवं. आपली मंडळं मात्र अजून सरबत आणि साबुदाण्याच्या खिचडीवरच थांबली आहेत.

अशी वाट आणायची कुठून? नवी जमीन घेऊन नव्हे. रावेर-यावलच्या केळीतून किंवा कपाशीच्या रानातून पट्टा मागितला तर शेतकरी नाही म्हणेल आणि त्याचं म्हणणं रास्त असेल. पण गावोगावी शिवरस्ते, पाणंदी, गाडवाटा मुळातच आहेत. गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं दाखवलेला असतो. त्यांतल्या कितीतरी रेषा नांगराखाली गेल्या, बाभळीखाली गेल्या. अडवलेला रस्ता खुला करण्याचा अधिकार तहसीलदाराला मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ देतो. गिरणेच्या कालव्यांच्या कडेनंही सपाट सेवारस्ते आहेत. ते पाटबंधारे खात्याचे, त्यामुळे परवानगी आणि कठडे दोन्ही लागतील. एकमेकांच्या शिवारातून जाणारी सामायिक गोष्ट सांभाळायची कशी, हे खान्देशाला शिकवावं लागणार नाही. पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धतीनं बंधारे, पाट आणि पाण्याची पाळी शेतकऱ्यांनीच शतकानुशतकं सांभाळली, पाटकरी नेमले, गाळ काढला. पाण्यासाठी जमलं ते वाटेसाठीही जमू शकतं.

खरी अडचण दुसरी आहे आणि ती मला टाळता येत नाही. चैत्रात खान्देशात ऊन चाळिशीपार जातं, म्हणून जथे पहाटे आणि रात्री चालतात. महामार्गावर निदान ढाबे असतात, उजेड असतो, मदत मिळते. पाणंदीत साप आहे, अंधार आहे, आणि बाई एकटी असेल तर माणसाचंही भय आहे. निर्जन रस्ता म्हणजे निर्भय रस्ता नव्हे. म्हणून वाट गावांना जोडत जाणारी हवी, ठरलेल्या अंतरावर दिवा, पाणी आणि जागं माणूस असणारी हवी. अन्नछत्रं महामार्गावरून या वाटेवर आली तर निम्मं काम तिथेच होईल.

धर्मनिरपेक्ष सरकारनं यात्रेसाठी रस्ता का करावा, असंही विचारलं जाईल. आळंदी आणि देहूच्या पालखी मार्गांवर वारकऱ्यांसाठी वेगळा पदपथ ठेवण्याचं सरकारनं स्वीकारलं आहे. मुक्ताईची पालखी मात्र मुक्ताईनगरहून बुलढाणा, जालना, बीड अशी जवळजवळ महिनाभर चालते, आणि तिच्या वाट्याला तसा मार्ग नाही. शिवाय हा रस्ता वर्षातले दहा-पंधरा दिवस भाविकांचा, उरलेले दिवस निंदणीला जाणाऱ्या बायांचा, दूधवाल्याचा, शाळकरी पोरांचा. मानव विकास कार्यक्रमातून सरकार मुलींना सायकली देतं. सायकल दिली आणि ती चालवायला महामार्गाची साइडपट्टी ठेवली, तर ते देणं अर्धवट राहतं.

पुढच्या चैत्राआधी भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावाचा नकाशा काढा, त्यातली तुटक रेषा ग्रामसभेत सगळ्यांना दाखवा, आणि ती जिथे बुजली आहे तिथे मोजणी मागा. खिचडीच्या वर्गणीतला थोडा भाग यंदा त्या वाटेवरच्या मुरुमाला आणि कडुनिंबाच्या रोपांना द्या.