मधली जागा रिकामी ठेवू नका

जबलपूरच्या सदर भागात राहणाऱ्या माझ्या भाचीच्या वहीत परवा एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं दिसली. डावीकडे नर्मदा, उजवीकडे गोदावरी. दोघींच्या मधल्या भागात तिने लिहिलं होतं: दोन्ही नद्या आहेत, दोन्ही पवित्र आहेत, दोन्हींत पाणी आहे. शेजारी लाल शाईत बरोबरची खूण. नर्मदेच्या बाजूला 'पश्चिमेकडे वाहते', गोदावरीच्या बाजूला 'खूप लांब आहे'. एकीची दिशा आणि दुसरीची लांबी, मग फरक कशातला? पण वर्गात बजावून सांगितलं होतं ते एवढंच, की मधली जागा रिकामी ठेवायची नाही. ही सूचना मला फार लागली. ज्याच्या नावाने ही आकृती ओळखली जाते त्या जॉन वेनने ती मांडली, ती मधली जागा रिकामी असू शकते हे दाखवता यावं म्हणूनच.

गणितज्ञ ऑयलरची राजकन्येला लिहिलेली पत्रं, बूलचं 1854चं तर्काचं बीजगणित, हा वेनच्या आधीचा इतिहास परिचित आहे. थेट 1880कडे येते, कारण वेनचा त्या वर्षीचा लेख आपण सगळेच चुकीचा वाचतो. वेन म्हणजे एकमेकांत शिरलेली वर्तुळं, असं आपण धरून चालतो. पण अशी वर्तुळं ऑयलरकडेही आहेत. फक्त त्याची आकृती निकाल सांगते. सगळी माणसं मर्त्य असतील तर लहान वर्तुळ मोठ्याच्या पोटात, दोन गटांत समान काहीच नसेल तर वर्तुळं अलग. म्हणजे नातं ठाऊक झाल्यावरच पेन्सिल उचलायची.

वेनने हा क्रम उलटवला. काहीच ठाऊक नसताना वर्तुळं एकमेकांवर चढवायची. मग चार जागा तयार होतात: फक्त हे, फक्त ते, दोन्ही, आणि दोन्हींच्या बाहेरचं. कळत जाईल तसतशी जी जागा रिकामी ठरेल ती रेघांनी भरून काळी करायची. वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात तिथे साम्य सिद्ध झालेलं नसतं, तिथे फक्त विचारलेलं असतं, की असं काही आहे का? नवं होतं ते 'नाही' या उत्तराला मिळालेलं चिन्ह. आपल्याकडच्या तर्कपरंपरेला यात परकं काही वाटलं नसतं. बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नागाच्या हेतुचक्रात हेतू, म्हणजे कारण म्हणून दिलेला गुण, सपक्षात (जे सिद्ध करायचं ते जिथे आहे अशा उदाहरणांत) सर्वत्र, काही ठिकाणी की कुठेच नाही, आणि विपक्षात (ते जिथे नाही अशा उदाहरणांत) सर्वत्र, काही ठिकाणी की कुठेच नाही, असे नऊ प्रकार आहेत. 'कुठेच नाही' हेही तिथे पूर्ण उत्तर आहे.

पुढे नव्या गणिताच्या लाटेबरोबर संच शाळेत आले. गणिताच्या तासाला वेन आकृती आजही शाबूत आहे. भाषा-भूगोलाच्या तासाला येताना मात्र तिच्यातल्या वस्तू गेल्या आणि गुण आले. संचाच्या वर्तुळात नद्या असतात, भाचीच्या वर्तुळात नदीविषयीची वाक्यं होती. वाक्यं हवी तितकी जुळवता येतात, म्हणून 'पाणी आहे'सुद्धा खपून जातं. शिवाय बाहेरची चौथी जागा कुणी मोजतच नाही. 'फरक स्पष्ट करा'च्या तक्त्याला आपण रुक्ष म्हणून मोडीत काढलं, पण चांगले शिक्षक त्यात मुद्द्याचा रकाना आखून घेत: उगम, दिशा, मुख. तिथे दिशेसमोर लांबी लिहिताच येत नसे.

आम्ही दोघींनी पान उलटलं. एक वर्तुळ पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांचं, दुसरं त्रिभुज प्रदेश तयार करणाऱ्यांचं. नर्मदा आणि तापी पहिल्यात गेल्या. गोदावरी, कृष्णा, कावेरी, महानदी दुसऱ्यात. मधे कुणीच नाही. ती घाईघाईने एखादं नाव शोधायला लागली. मी म्हटलं, काळी कर ती जागा. तिने केली, आणि मग तिनेच विचारलं, का गं असं? तेव्हा कुठे खचदरीची गोष्ट निघाली, विंध्य-सातपुड्याच्या मधून समुद्राकडे जाणाऱ्या नर्मदेची, आणि तिच्या मुखाशी गाळ साचू न देणाऱ्या खंबातच्या आखातातल्या भरती-ओहोटीची. सोन नदी नर्मदेसारखीच अमरकंटकच्या परिसरात उगम पावते, पण गंगेला जाऊन मिळते. ती दोन्ही वर्तुळांच्या बाहेर लिहावी लागली. त्या पानावर पहिल्यांदाच बाहेरच्या जागेत काहीतरी आलं.

वैनगंगेचं नाव तिनेच काढलं. ती सिवनी जिल्ह्यात, म्हणजे जबलपूरच्या दक्षिणेला, उगम पावते. पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते.

"म्हणजे मावशी, सिवनीचा पाऊस गोदावरीत जातो? आपल्या इतक्या जवळून?"

"हो."

"मग हे मधल्या जागेत लिहू?"

मधली जागा दोन्ही गुण असलेल्या नद्यांची. हे तर एका नदीचं दुसरीत जाणं होतं, त्याला त्या वर्तुळांत कुठेच जागा नव्हती. मी तिला कोरा कागद दिला. तिने आधी सातपुडा काढला, आणि त्याच्या दोन उतारांवरून दोन दिशांना पाणी सोडलं.