मृत्युपत्रांतील दान

मनुष्य जिवंतपणीं जें देतो तें स्वतःच्या ताटांतलें देतो. मरणोत्तर जें देतो तें वारसाच्या ताटांतलें असतें. मग मृत्युपत्रानें केलेल्या दानास दान म्हणावें काय? आमच्या परिचयाच्या एका वृद्ध ख्रिस्ती बाईंनीं आपल्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून आमची सही मागितली, तेव्हांपासून हा प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाहीं. मजकूर न वाचतांही साक्षीदारास सही करतां येते. पण बाईंनीं तो आम्हांस मुद्दाम वाचून दाखविला. त्यांनीं जन्मभर रुग्णालयांत परिचारिकेचें काम केलें. लहानपणापासून त्या एकाच मंडळीच्या सभासद. रविवारचें अर्पण त्यांनीं सहसा चुकविलें नाहीं. मुलगे दोन. मिळकतीचे तीन सारखे भाग करून तिसरा भाग त्यांनीं मंडळीस लिहून दिला होता. धाकट्या मुलाची प्राप्ति बेताची आहे हें आम्हांस ठाऊक होतें, आणि म्हणूनच लेखणी हातीं घेऊनही आम्ही थबकलों.

हा संकोच फार जुना आहे. रोमन बादशहा कॉन्स्टंटाईन यानें इ. स. ३२१ मध्यें चर्चला मृत्युपत्रानें द्रव्य ठेवण्याची मोकळीक दिली. पुढें पन्नास वर्षेंही लोटलीं नाहींत तोंच, ३७० मध्यें, धर्मगुरूंनीं विधवांच्या घरीं जाऊन वारसा मिळवूं नये असा कायदा करावा लागला. आपणांस कायद्याचें दुःख नाहीं, आपण त्यास पात्र ठरलों याचें दुःख आहे, अशा आशयाचे उद्गार जेरोमनें काढले आहेत. उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो नगराचा बिशप ऑगस्टिन याची वृत्ति याहून थोर. मुलावर रागावून त्याला वगळणाऱ्या बापाचें द्रव्य तो चर्चकरितां स्वीकारीत नसे. त्यानें एका प्रवचनांत कार्थेजचा बिशप ऑरेलियस याची गोष्ट सांगितली आहे. एका निपुत्रिक गृहस्थानें केवळ उपभोगाचा हक्क राखून सर्व मिळकत चर्चला दिली. पुढें त्याला मुलें झालीं. तेव्हां त्यानें न मागतां ऑरेलियसनें सर्व परत केलें. कायद्यानें तें ठेवून घेतां आलें असतें! ज्याला देण्याची इच्छा आहे त्यानें ख्रिस्ताला आपला आणखी एक मुलगा समजावें, एक असेल तर दुसरा, दोन असतील तर तिसरा, हा ऑगस्टिनचाच हिशेब. आमच्या बाईंनीं ऑगस्टिन वाचला असेल असें वाटत नाहीं. पण त्यांची वाटणी तंतोतंत तीच होती.

इंग्रजांनीं या संशयाला कालमर्यादेचें रूप दिलें. १७३६ च्या कायद्यानें धर्मादायास जमीन द्यावयाची तर ती मृत्यूपूर्वीं निदान बारा महिने दस्तऐवजानें द्यावी असें ठरलें. त्याची छाया हिंदुस्थानावरही पडली. १९२५ च्या वारसा कायद्याच्या ११८ व्या कलमान्वयें, पुतण्याभाच्यांइतका किंवा त्याहून जवळचा नातलग असलेल्या ख्रिस्ती मनुष्यास धर्मादायाकडे मिळकत ठेवावयाची तर मृत्युपत्र मृत्यूपूर्वीं किमान बारा महिने केलेलें व सहा महिन्यांच्या आंत सरकारी ठेवींत दाखल केलेलें असावें लागे. हिंदूंस हा निर्बंध नव्हता. सर्वोच्च न्यायालयानें २००३ मध्यें समतेच्या तत्त्वावर हें कलम रद्द केलें, तें योग्यच झालें. तथापि त्या कलमांतील शंका अगदींच पोकळ होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. मृत्युशय्येवर भीति दानशूर होते. (आजच्या इंग्लंडांत निव्वळ मिळकतीचा दशांश धर्मादायास ठेवल्यास वारसाकराचा दर शेंकडा ४० वरून ३६ वर उतरतो, तेथें भीतीच्या जोडीस हिशेबही आला!)

परंतु जन्माच्या सभासदाची गोष्ट निराळी. पन्नास वर्षें ज्यानें दर आठवड्यास थोडथोडें दिलें त्याच्या हेतूला बारा महिन्यांची कसोटी कशाला? ज्या छपराखालीं बाईंचें लग्न लागलें तें त्यांच्या आधींच्या पिढ्यांनीं घातलेलें. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार. आणि ऋण फेडल्यावर जें उरतें तोच वारसा. हा युक्तिवाद आमच्या मनास पटतो; पण तो जरा फार सोयीचा आहे, हेंही दिसतें. ऋण बाईंचें, आणि नड धाकट्याच्या घरची. शिवाय मेलेल्यांच्या ठेवींवर जगणारी मंडळी जिवंतांपुढें थैली फिरविण्याचा कंटाळा करूं लागते, तें वेगळेंच.

आम्हीं भीत भीत धाकट्याविषयीं विचारलें.

"सर, त्याला मी आधीच विचारलं," बाई म्हणाल्या. "तो म्हणाला, आई, तुझं आहे, तू दे. सून मात्र काही बोलली नाही."

आम्हीं सही केली. दुसरे साक्षीदार त्यांचे शेजारी होते. सुनेशीं पुन्हां एकदां बोलावें, एवढें आम्हीं निघतांना सुचविलें. बाईंनीं मान हालविली आणि कागद घडी करून बायबलांत ठेवला.