दोर कधी कापायचे?

निकालानंतर तिसऱ्या दिवशी भाची माझ्याकडे राहायला आली. बी.एस्सी., रसायनशास्त्र, पहिला वर्ग. जेवणं झाल्यावर तिने पिशवीतून दोन गोष्टी काढून माझ्यासमोर ठेवल्या. एक म्हणजे कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका कंपनीचं पत्र: क्यूसी ट्रेनी, महिना सतरा हजार. दुसरी म्हणजे वही. तिच्या शेवटच्या पानावर पुण्यात राहून राज्यसेवेचा अभ्यास करायचा हिशेब मांडलेला होता. कॉट, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, पुस्तकं मिळून महिना साडेअकरा हजार. खाली ‘दोन वर्षं’ असं लिहून त्यापुढे पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढलेलं.

“मावशी, तू सांगशील तसं करते.”

“मी सांगणार नाही. पण हे प्रश्नचिन्ह पेन्सिलीने का?”

ती गप्प बसली. मग म्हणाली, “बाबांनी वही बघितली तर खोडता यावं म्हणून.”

मी नायब तहसीलदार आहे. राज्यसेवेतून तिसऱ्या प्रयत्नात आले. त्यामुळे घरातल्या प्रत्येक पदवीधराला माझं उदाहरण दिलं जातं आणि दर वेळी मला अवघडल्यासारखं होतं.

“नोकरी धरली की अभ्यास सुटतो,” ती म्हणाली. “अभ्यासिकेतली सगळी मुलं हेच सांगतात. प्लॅन बी ठेवला की माणूस ढिला पडतो. सूर्याजीने दोर कापले म्हणून सिंहगड आला ना?”

ही कथा आम्हीही एकमेकींना सांगायचो. सदाशिव पेठेत अभ्यासासाठी घेतलेल्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवलं होतं, परतीचे दोर कापा. पण त्या रात्री तिच्या तोंडून ऐकताना पहिल्यांदाच जाणवलं की आम्ही कथा अर्धीच ऐकली होती.

“दोर कापले तेव्हा सूर्याजी कुठे होता?” मी विचारलं.

“गडावर.”

“आणि मावळे?”

“तेही वरच. तानाजी पडल्यावर मागे फिरायला लागले होते.”

“म्हणजे माणसं वर चढून गेल्यावर दोर कापले. पायथ्याशी उभं राहून कापले असते तर चढले कशाने असते? तू अजून पूर्व परीक्षासुद्धा दिलेली नाहीस.”

तिला ते पटलं नाही. वादासाठी वाद घालणारी मुलगी नाही ती. “पण मग माणूस कायम पायथ्याशीच राहील,” ती म्हणाली. “एक पाय नोकरीत, एक अभ्यासात. तू तरी नोकरी केली होतीस का?”

“नव्हती केली.”

“मग?”

या ‘मग’चं उत्तर मी आजवर घरात कुणाला दिलेलं नव्हतं. आम्ही खोलीत चौघी होतो. पुस्तकं तीच, नोट्स त्याच, रात्री अडीचचा चहासुद्धा एकाच टपरीवरचा. माझी पोस्ट निघाली त्या वर्षी पूर्वच्या अंतिम उत्तरतालिकेत दोन प्रश्न रद्द झाले. कट ऑफला मी एका गुणाने आत राहिले आणि माझी मैत्रीण बाहेर गेली. तिचा अभ्यास माझ्याहून पक्का होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. पुढची आठ वर्षं ती परीक्षा देत राहिली आणि चौतिसाव्या वर्षी गावी परतली. एका खासगी नोकरीच्या मुलाखतीत तिला विचारलं, इतकी वर्षं काय केलंत? सगळी राज्यघटना तोंडपाठ असलेल्या बाईला त्या प्रश्नाचं उत्तर देता येईना.

“ती थांबली का नाही आधी?”

“दर वर्षी वाटायचं, इतकं दिलंय, आता कसं सोडू. वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. त्यामुळे ‘आता पुरे’ असं आयोग कुणाला लवकर सांगत नाही. २०२३ची तलाठी भरती आठवते? जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांच्या वर. त्या दहा लाखांत मेहनत न करणारेच होते असं मी कसं म्हणू?”

ती बराच वेळ अंगठ्यावरचा डाग चोळत राहिली. सिल्व्हर नायट्रेटचा काळपट डाग, शेवटच्या प्रॅक्टिकलचा. तो साबणाने जात नाही, कातडी बदलते तेव्हाच जातो.

“म्हणजे तारीख ठरवून जायचं? दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं?”

“हो.”

“हे मला चुकीचं वाटतं, मावशी. टायट्रेशन करताना आम्ही आधी ठरवून अठरा मिली ओतत नाही. एकेक थेंब सोडतो आणि रंग बदलला की थांबतो. एखादी मुलगी दोन गुणांनी राहिली आणि एखादी चाळीस गुणांनी, दोघींना तारीख एकच कशी?”

मी निरुत्तर झाले. वीस वर्षांच्या मुलीने माझ्या मुद्द्यातलं भोक बरोबर हेरलं होतं. खरंच, दोन वर्षांचा नियम आम्ही मोठी माणसं घालतो तो आमच्या मनाच्या शांतीसाठी.

“पण तुमच्यात रंग बघायला नजर फ्लास्कवर लागते,” मी जरा वेळाने म्हणाले. “आणि थेंबाथेंबाला पोचायच्या आधी काय करता?”

“पायलट रीडिंग घेतो. अंदाजासाठी.”

“तुझं पायलट रीडिंग कुठंय?”

ती हसली नाही. तिने वही पुढे ओढली.

मला खरी काळजी दुसऱ्याच गोष्टीची होती. अधिकारी व्हायचंय असं म्हणणारी शंभर मुलं भेटतात, पण अधिकारी दिवसभर काय करतो हे पाहिलेलं एखादंच असतं. म्हणून मी विचारलं, “तुला पोस्ट हवी आहे की काम?”

“बाबांचा फेरफार अकरा महिने अडकला होता,” ती म्हणाली. “वारसनोंद. ते दर आठवड्याला कार्यालयात जायचे आणि कुणी खुर्चीवर बस म्हणायचं नाही. आल्यावर जेवायचे नाहीत. तेव्हा ठरवलं.”

लाल दिव्याची हौस असेल असं मी गृहीत धरलं होतं. माझी चूक झाली.

दुसऱ्या दिवशी तिला कार्यालयात नेलं. संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलाजवळ ती दोन तास बसली. दुपारी शेतरस्त्याच्या तक्रारीत स्थळपाहणी होती. त्या दाव्यांना अजून १९०६चा मामलेदार न्यायालय कायदाच लागतो. दोन सख्खे भाऊ बांधावर उभे राहून एकमेकांकडे न बघता बोलत होते. पंचनामा झाला, सह्या झाल्या, निकाल काहीच लागला नाही. परतताना गाडीत मी विचारलं, “कंटाळलीस?”

“एका आजीचा अंगठा मशीनवर उमटतच नव्हता. रेषा झिजल्यात. सहाव्यांदा उमटला. तोवर मला उठून जावंसं वाटलं नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “पण लॅबमध्येही मला तसंच होतं. खरं सांगते.”

खरा पेच इथे होता, आणि तो मला आवडला. दोन्ही कामं तिला आपली वाटत होती. अशा वेळी एक निवडून दुसऱ्याला नावं ठेवायची गरज नसते, फक्त क्रम लावायचा असतो.

क्रम तिनेच लावला. पूर्व परीक्षा वस्तुनिष्ठ, ती नोकरी सांभाळून देता येईल. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. २०२३मध्ये पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली तेव्हा हा बदल २०२५पर्यंत पुढे गेला होता. नऊ पेपर हाताने लिहायचे तर पूर्ण वेळ लागणार. म्हणून पूर्व निघाली तरच नोकरी सोडायची, आणि तोवर जमवलेल्या पैशातून पुण्याचे महिने काढायचे, बाबांकडून नाही. पहिल्या दोन पूर्वमध्ये कट ऑफपासून किती लांब राहिलो ते लिहून ठेवायचं. अंतर कमी होत असेल तर पुढे जायचं. नसेल तर लॅबमध्ये राहून एफडीए-मान्य केमिस्ट व्हायचं. आठ तास उभं राहून आल्यावर रोज अभ्यास होईलच असं नाही. मी ते तिला सांगितलं, तिने मान्य केलं आणि तेही लिहून ठेवलं.

सोमवारी ती दौंडहून कंपनीच्या बसने कामावर गेली. पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह तिने खोडलं नाही, त्यावरून पेन फिरवलं.

ज्यांच्या घरी यंदा कुणी पदवीधर झालं आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. ‘पुढे काय?’ विचारण्याआधी त्या मुलाला किंवा मुलीला एक पूर्ण दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, कुणाच्या तरी कामावर सोबत न्या. आमच्या कार्यालयात आणलंत तर खुर्ची मी देईन.