मधातली खोली

चांदूर बाजारात आमच्या घराजवळ एका काकांचं ट्रॅव्हल्सचं दुकान आहे. झेरॉक्स, रेल्वे आरक्षण, काशी-अयोध्येच्या बसेस, शाळांच्या सहली, सगळं एकाच फळ्यावर लिहिलेलं. आयआरसीटीसीनं २०२१मध्ये कॉर्डेलियाच्या जहाजाच्या सफरी विकायला घेतल्या, त्यानंतर कधीतरी त्या फळ्यावर ‘समुद्र क्रूझ’ हेही आलं. समुद्र आमच्यापासून सातशेच्या आसपास किलोमीटर. गावात त्या दोन शब्दांची बरीच टिंगल झाली.

गेल्या दिवाळीत पुण्याहून घरी आलो तेव्हा आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षं होत होती. त्यांना मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारी सफर द्यावी असं मनात होतं, म्हणून संध्याकाळी काकांकडे गेलो. ते खुलले. चहा सांगितला आणि दीड तास बोलले. जाहिरातीतला भाव माणशी असतो, तोही एका खोलीत दोघं धरून. बंदराचे पैसे, जीएसटी, टिप हे वरून लागतं. खिडकी नसलेली खोली स्वस्त, पण तुझ्या बाबांना कोंडल्यासारखं होईल. अमरावती-मुंबई एक्स्प्रेसनं जायचं तर एक दिवस आधीच निघा. गाडी उशिरा पोचली तर जहाज थांबत नाही. सीएसएमटीवरून बॅलार्ड पिअर टॅक्सीनं काही मिनिटांवर आहे, जास्त पैसे मागितले तर उतरा. आणि मग, ‘‘तुह्या आईले चिखलदऱ्याच्या घाटात मळमळते ना बाबू? मंग वरची खोली घेऊ नोको. मधातली घे, खालच्या मजल्यावरची. तिथं जहाज कमी हालते.’’

मी हे सगळं मोबाइलमध्ये टिपून घेत होतो. काकांना वाटलं असणार, पोरगा नीटनेटका आहे. ‘‘उद्या आधार कार्डं घेऊन ये,’’ म्हणाले. मी ‘‘हो काका’’ म्हणालो.

रात्री अंथरुणात पडल्या पडल्या वेबसाइट उघडली, मधली, खालच्या मजल्यावरची, खिडकीवाली खोली शोधली, क्रेडिट कार्डाची सवलत लावली आणि बुकिंग करून टाकलं. काकांनी सांगितलेल्या आकड्यापेक्षा दोघांचे मिळून २,३०० रुपये वाचले.

पुढे काहीही बिघडलं नाही. नावात चूक नाही, तारखेत घोळ नाही. काही बिघडलं असतं तर हा लेख लिहिणं सोपं गेलं असतं. एजंट का लागतो याची एक बोधकथा झाली असती. सगळं सुरळीत झालं आणि तरी मी त्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडू लागलो, म्हणून विचार करणं भाग पडलं.

माझ्याकडे बचाव तयार होता. आमचं घर संत्र्याचं. मधला माणूस म्हणजे खाणारा माणूस, हे मी लहानपणापासून ऐकलंय. २०१६मध्ये सरकारनं फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, तेव्हा बाबा मनापासून खूश झाले होते. एजंट म्हणजे देवमाणूस असतो असंही नाही. माझ्या एका मामांना चारधामला नेणाऱ्यानं (हे काका नव्हेत, दुसऱ्या गावचा माणूस) ऐन थंडीत गरम पाणी नसलेल्या जागी उतरवलं आणि फोन बंद करून ठेवला. आणि रेल्वेचं तिकीट २००२पासून ऑनलाइन मिळतंय. माझ्या पिढीनं एजंटला पैसे देऊन तिकीट काढलं नाही, यात कुणाचं काही बुडवलं असं मला आजही वाटत नाही. स्वतः वाचलं, स्वतः शोधलं, स्वतः चुकलो, तर कुणाचं देणं उरत नाही.

पण मी स्वतः शोधलं नव्हतं. अडचण इथे आहे.

माझा स्वभाव नियम बघण्याचा, म्हणून १८७२चा भारतीय करार कायदा उघडला. (इंजिनिअर माणसाला अपराधी वाटलं की तो डॉक्युमेंटेशन वाचतो.) कलम २१९ माझ्या बाजूचं निघालं: वेगळा करार नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटचा मोबदला देय होत नाही. बुकिंग काकांनी केलंच नाही, विषय संपला. मग कलम ७० दिसलं. कुणी दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं, फुकट करायचा त्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतला, तर त्या दुसऱ्यानं भरपाई द्यायची. यावर काका कोर्टात जिंकतील असं मी म्हणत नाही. पण ‘फुकट करायचा हेतू नव्हता’ या शब्दांपाशी मी अडकलो. काकांचा हेतू काय होता हे मला पक्कं माहीत होतं. दुकानात बसलेला माणूस उद्या येणाऱ्या आधार कार्डांच्या भरवशावर बोलत होता, आणि ती येणार नाहीत हे चहा अर्धा झाला तेव्हाच मी ठरवलं होतं.

एक मित्र म्हणाला, माहिती काय कुणाच्या मालकीची असते? दिलीस तरी तुझ्याकडे उरतेच. खरंय. आमचा धंदाच फुकट मिळालेल्या कोडवर चालतो. पण त्या कोडलाही लायसन्स असतं. अगदी सैल समजलं जाणारं एमआयटी लायसन्ससुद्धा एवढं म्हणतं की हवं ते करा, फक्त मूळ लेखकाची नोंद काढू नका. शिवाय घाटात आईला मळमळतं हे कुठल्याही वेबसाइटवर नव्हतं. ते काकांना ठाऊक होतं, कारण चिखलदऱ्याच्या एका सहलीला त्यांनीच तिला बसमध्ये पुढची सीट दिली होती.

त्यामुळे २,३०० रुपयांचा हिशेब मला सुटत नाही. मी आधीच म्हणालो असतो, ‘‘काका, बुकिंग मी करीन, पण तुमचा वेळ घेतो, त्याचे किती?’’ तर ते बहुतेक काहीच न घेता बोलले असते. तसं फुकट मिळालेलं मला चाललं असतं. मी ते हो म्हणून घेतलं.

जानेवारीत आई-बाबा जाऊन आले. आईला एकदाही उलटी झाली नाही. संक्रांतीनंतर मी घरी होतो. आई झेरॉक्स काढायला निघाली, मला सोबत चल म्हणाली, टाळता आलं नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिला विचारलं, ‘‘कसं काय वहिनी, जहाज हाललं काय?’’

‘‘नाही न बाप्पा,’’ आई म्हणाली. ‘‘पोरानं किती अभ्यास करून खोली घेतली. खाली, मधात. कम्प्युटरवर सगळं पाहिलं त्यानं.’’

‘‘हुशार हाय पोरगा,’’ काका म्हणाले आणि कागद मशिनवर ठेवला.

मी बोललो नाही. झेरॉक्सचे चार रुपये आईनं दिले.