कोणाच्या सांगण्यावर?

भीमेकाठच्या वडगाव रासाईत उसाच्या हंगामात गप्पांना विषय शोधावे लागत नाहीत. घरकुलाच्या अनुदानात स्लॅब पडत नाही. अशक्तपणाला सलाईनच हवी. शेतापासून फाट्यापर्यंत हेल्मेट कशाला? फोनवरून पैसे पाठवणाऱ्याचे खाते एक दिवस रिकामे होणारच. ही मते अशा ठसक्यात सांगितली जातात, की ‘तुला कोणी सांगितलं?’ असे विचारणारा उद्धट ठरावा.

न्यायदर्शनाने मात्र हा प्रश्न उद्धट मानला नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्ञानाची चार साधने आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाकांना प्रत्यक्षाखेरीज कशाचा भरवसा नव्हता; पण त्यांच्या वाटेने गेल्यास गोळीच्या पाकिटावरची मुदतही वाचायची सोय उरत नाही. दुसऱ्याच्या शब्दावाचून चालणार नसेल, तर तो दुसरा कसा असावा? सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी भाष्यकार वात्स्यायनाने सांगितले, की ज्याने गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे त्याने असेही म्हटले, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे. सरपंच, डॉक्टर आणि ऊसतोड मजूर यांनाही मग तेच लागू पडते.

सलाईनचेच पाहा. ‘लावली आणि उठून बसलो’ हा अनुभव खोटा नसतो, त्यावरचे अनुमान कच्चे असते. बाटलीत बहुधा पाणी आणि ०.९ टक्के मीठ असते. ताप आपल्या वेळेनेच उतरलेला असतो. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे द्यायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. तरी सुई टोचल्याशिवाय उपचार झाल्यासारखे वाटत नाही, ते नाहीच.

हेल्मेट न घालणाऱ्यांचा पुरावा याहून गमतीचा. ‘वीस वर्षं गाडी चालवतोय, काही झालं नाही’ असे सांगणारे पारावर भरपूर भेटतात. ज्यांना झाले, त्यांची साक्ष तिथपर्यंत पोचत नाही.

वात्स्यायनाच्या कसोटीत एक जागा रिकामी आहे, आणि ती पुण्याने १८९७ च्या प्लेगमध्ये पाहिली. प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली गोरे सैनिक घरांत शिरून रोगी शोधत होते. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे तिथल्या वृत्तपत्राला सांगितले. परतल्यावर पत्रे पाठवणाऱ्यांपैकी कोणी उघडपणे पुढे येईना आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये प्लेगच्या इस्पितळातल्या स्त्रियांच्या हालांविषयी लिहिले, गव्हर्नर सँडहर्स्टने ते आरोप फेटाळले. रमाबाईंचे मुक्ती मिशन पुढे उभे राहिले ते केडगावला, वडगाव रासाईच्या नदीपलीकडच्या दौंड तालुक्यात.

गोखल्यांच्या माफीने अत्याचार झाला नाही असे सिद्ध होत नाही. साक्षीदार समोर आले नाहीत, एवढेच सिद्ध होते. जाणणे आहे, सांगण्याची इच्छाही आहे, पण सांगितल्यावर काय होईल याची धास्ती आहे. अशा माणसाचा शब्द कुठे मोजायचा? घरकुलाचा हप्ता अडेल म्हणून गप्प बसणारा लाभार्थी त्याच रांगेतला. ओटीपी देऊन फसलेला माणूस लाजेपोटी घरातही बोलत नाही. मग पैसे गेल्याची आवई गावभर फिरते, कसे गेले ते मात्र कोणालाच कळत नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने निदान कागदावर शेतकऱ्यालाच आप्त ठरवले. पूर्वी तलाठी पीकपेरा लिहीत असे; आता शेतकऱ्याने शेतात उभे राहून फोटो काढायचा आणि नोंद स्वतः करायची. प्रत्यक्षात अनेक घरांत फोन असतो पुतण्याच्या हातात, आणि लागवडीची तारीख त्याला काकांनाच विचारावी लागते.