बार्शीच्या नोंदवहीत दिसणारा कर्करोग

देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी मुंबईत 1963 साली सुरू झाली. खेड्यांसाठीची पहिली नोंदणी उभी राहायला 1987 उजाडले. ती बार्शीत उभी राहिली आणि बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली 346 गावे तिच्या कक्षेत आली. खेड्यातला रुग्ण मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतोच असे नाही, म्हणून नुसत्या केसपेपरवर भागणारे नव्हते. कार्यकर्ते गावोगाव फिरले. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसते का, अंगावरून सतत पांढरे जाते का, तोंडातली जखम भरत नाही का, असे विचारत गेले. या विचारपुशीतूनच बायका दुखणे अंगावर न काढता लवकर दवाखान्यात येऊ लागल्या. मला या नोंदणीचे हे सर्वांत मोठे यश वाटते.

या दोन नोंदण्या शेजारी ठेवल्या की आपला देश दिसतो. मुंबईत स्तनाचा कर्करोग पुढे गेला. उशिरा होणारी मुले, कमी बाळंतपणे, वाढते वजन ही त्यामागची काही कारणे. बार्शीकडे बायकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग दीर्घकाळ पहिला राहिला. खेड्यात एकूण कर्करोग शहरापेक्षा कमी, हेही खरे. पण ज्याला झाला त्याची वाट तिथे अधिक बिकट. देश सुधारला की गरिबीचे आजार जातात आणि सुबत्तेचे येतात, असे मानले जाते. आपल्याकडे जुने गेलेच नाहीत, नवे मात्र येऊन बसले. 2022 च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे 14 लाख नवे रुग्ण. त्यात स्तन, तोंड आणि गर्भाशयमुख हे तीन कर्करोग सर्वांत पुढे. तोंडाचा कर्करोग तर बहुतांशी आपण हाताने ओढवून घेतलेला. चुना लावून मळलेली तंबाखू जिथे तासन्‌तास धरली जाते, त्या गालफडातच अनेकदा गाठ उठते. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी पुड्या कुठे मिळतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत तर अज्ञानाची सबब उरलेली नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एक लाख तीस हजारांहून अधिक स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष जगापुढे आले. या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असतो. त्याची आयुष्यात एकदा चाचणी केलेल्या गटात 34 स्त्रिया या कर्करोगाने गेल्या, तर तपासणी न दिलेल्या, जवळपास तेवढ्याच गटात 64. या दुसऱ्या गटातल्या बायकांचे ऋण मला फार जड वाटते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने याहून साधा मार्ग सिद्ध केला. दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्त्रियांनी गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे. एवढ्यावर मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

धाराशिवचे निष्कर्ष येऊन दहा वर्षे उलटल्यावर, 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या 30 ते 49 वयाच्या स्त्रिया देशात निघाल्या 1.9 टक्के. शंभरात दोनही नाहीत. तीस ओलांडलेल्या स्त्रियांसाठी ही तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात ती कोणत्या दिवशी होते, हे या दिवाळीत जाऊन विचारा; होत नसेल तर का होत नाही, हे ग्रामसभेत विचारा.